बावखल : भुईगाव परिसरातील गोड्या पाण्याची एक व्यवस्था

वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावर भुईगाव वसले आहे. एका अंगास समुद्र व तिवरांचे खाजण, दुसऱ्या अंगास केळी, फुलझाडे व भाजीपाला यांच्या वाड्या, अशी या भागाची ठेवण आहे. समुद्र इतका निकट असता येथील विहिरींस गोडे पाणी कसे लागते, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचा उलगडा करू गेल्यास 'बावखल' या शब्दापाशी येऊन थांबावे लागते.

'बाव' हे पूर्वपद संस्कृत 'वापी'पासून प्राकृतद्वारा आलेले असून गुजरातीतील 'वाव' हा त्याचाच सगोत्र होय. उत्तरपदाने खोलगट जागेचा बोध होतो. बावखल हे विहीरही नव्हे आणि तळेही नव्हे. विहिरीस बांधीव कडा असतो, तळ्यास बांध असतो. बावखल म्हणजे वाडीतच खणलेला, उतरत्या काठांचा विस्तृत खळगा. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो व पुढे त्यातील पाणी सावकाश भूमीत मुरत राहते. वाडीस पाणी पुरविणे हा त्याचा उघड उपयोग. परंतु त्याहून महत्त्वाचे कार्य डोळ्यांस न दिसणारे आहे.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे 2.5 टक्क्यांनी जड असते. त्यामुळे किनाऱ्यावरील वाळूमिश्रित जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खालून शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर जणू तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन गायबेन या डच अभियंत्याने आणि 1901 मध्ये जर्मनीतील हर्झबर्ग याने या संबंधाचे गणित मांडले. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून 1 मीटर उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे 40 मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असू शकते. हाच हिशेब उलट बाजूने वाचला म्हणजे त्यातील भय ध्यानात येते. वरची पातळी 1 मीटर खाली गेली, तर खारे पाणी कालांतराने 40 मीटर वर चढावयाचे. हे प्रमाण स्थिरावस्थेचे आहे व प्रत्यक्ष भूमी इतकी एकविध नसते, हे खरे. तथापि दिशा तीच राहते. पाणी प्रथम मचूळ होते, मग खारे; केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात.

रहाटाच्या काळी उपशास बैलाच्या शक्तीची मर्यादा होती. बैल थकला की विहिरीस विसावा मिळे. विजेच्या पंपाने ही मर्यादा नाहीशी केली. पुढे 1980 च्या दशकात येथील विहिरींचे पाणी टँकरमधून बाहेर जाऊ लागले. त्याविरुद्ध, तसेच बागायती पट्ट्याच्या अनिर्बंध नागरीकरणाविरुद्ध, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. या आंदोलनाचे वर्णन बहुधा हिरवाईचा लढा असे केले जाते. वस्तुतः तो तितकाच भूमीखालील पाण्याचाही लढा होता.

उपसा वाढत असतानाच अनेक बावखले बुजविली गेली. येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो क्षुल्लक नाही. शेतातील लागवडीस अयोग्य भागास महसुली परिभाषेत 'पोटखराब' म्हणतात. ज्या खळग्यात पीक उभे राहत नाही, त्याच्या वाट्यास या परिभाषेतून 'खराब' एवढेच विशेषण येते. तो शेजारच्या दहा विहिरी गोड ठेवतो, हे कोणत्याही रकान्यात उमटत नाही. 'बावखल' म्हणणाऱ्याला त्यात पाणी दिसते; 'पडीक खड्डा' म्हणणाऱ्याला त्यात भरावाची जागा दिसते.

पुराच्या संदर्भात हा फरक अधिकच जाणवतो. जुलै 2018 मधील अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय होऊन लोहमार्गावरील वाहतूक थांबली. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी चढलेले असते. पावसाच्या पाण्यास ओहोटीपर्यंत कोठे तरी थांबावे लागते. बावखले व खाजण ही त्याची थांबण्याची ठिकाणे. ती भरून टाकली की तेच पाणी घरांत शिरते. शिवाय 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्रपातळी सरासरीने सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आहे. म्हणजे गोड्या पाण्यास ज्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहावयाचे, तेही वर सरकत आहे. सूर्या धरणाचे पाणी नळाने आणून शहराची तहान भागविता येते. त्याने भूमीखालचा गोडा थर मात्र पुष्ट होत नाही.

अलीकडे स्थानिक तरुणांनी काही बावखले साफ केली आहेत. या उद्योगास मोजणीची जोड मिळणे अगत्याचे आहे. प्रत्येक बावखलाचे स्थान व क्षेत्र गावनकाशावर नोंदवावे, आणि त्याच्या आसपासच्या विहिरींची पातळी व क्षारता वर्षातून निदान दोनदा, वैशाखात व भाद्रपदात, तपासावी. एका साध्या क्षारतामापकाने हे काम गावातील शाळेचे विद्यार्थीही करू शकतील.