न दुखणारा फोड आणि उजेडाचा इलाज

देवळालीला तोफखान्याची शाळा असल्यामुळे नाशिककरांना फौजी नवे नाहीत. आपल्यातलीही कितीतरी मुले फौजेत आहेत आणि कधी ना कधी त्यांची बदली राजस्थानात होतेच. बिकानेरकडून सुट्टीवर आलेल्या मुलाच्या गालावर महिनोन् महिने न भरणारा, न दुखणारा फोड दिसला की शेजारी कुजबुज सुरू होते, "महारोग तर नव्हे?" मग त्याचे ताट वेगळे होते. ताट वेगळे होणे म्हणजे काय, हे आम्ही आमच्या वाचकांना सांगायला नको!

असा फोड लेशमानिया नावाच्या परजीवीचा असू शकतो. डासाहून लहान वाळूमाशी चावली की तो कातडीत शिरतो. ताटवाटीने किंवा शिवल्याने पसरत नाही. इंग्रजी अमलात याला 'दिल्ली फोड' म्हणत. जगात वर्षाला ६ ते १० लाख लोकांना तो होतो. जिवावर बेतत नाही, पण वण कायमचा ठेवतो आणि तो वण मुलीच्या चेहऱ्यावर असला तर घरात काय चालते, हे भगिनींना ठाऊक आहे.

जुना उपाय म्हणजे अँटिमनीची इंजेक्शने, तीही थेट फोडात. उजेडाची वाट वेगळी आहे. १९०० साली म्युनिकच्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याने दाखवले की विशिष्ट रंग घातलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव उजेडात मरतात, अंधारात तगतात. उजेड पडताच रंगामुळे तीव्र प्राणवायू तयार होतो, तोच त्यांना मारतो. इराणमधील डॉक्टरांनी २००६ मध्ये असाच उपचार या फोडावर मलमाशी ताडून पाहिला. उजेड सरस ठरला.

आता नॅनोकणांची भर पडली आहे. हा परजीवी जंतू गिळणाऱ्या पेशींतच दडून बसतो. त्या पेशी बारीक कणही गिळतात, म्हणून औषध कणांवर लादून चोराच्या घरात पाठवायचे! मात्र हे काम प्रयोगशाळेतच आहे. कोणी 'नॅनो मलम' विकायला आला तर पैसे देऊ नका.

बिकानेरला मात्र उष्णतेचा इलाज रुग्णांवर झाला आहे. तेथील डॉ. बंब आणि अमेरिकेतील डॉ. अभय सातोस्कर यांच्या २०१३ च्या अभ्यासात ५० अंशांची ऊब एकदाच दिली आणि गुण इंजेक्शनांइतकाच आला.

तेव्हा फोड झाकू नका, त्यावर चुना-हळद थापू नका. सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. फोडाच्या कडेचा खरवड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून तपासतात. बदली कोठे होती हे आधी सांगा, कारण नाशिकच्या डॉक्टरांच्या मनात हा आजार चटकन येत नाही.