फॉर्म म्हणतो ‘यशस्वी’, मग अर्ज बाद का होतो?

ठिबकचं अनुदान असो की मुलाची शिष्यवृत्ती, अर्ज आता ऑनलाइनच भरावा लागतो. सेवा केंद्रावर रांग लावायची, ओटीपी सांगायचा, पावती खिशात घालून घरी यायचं. महिन्याभराने स्टेटस बघावं तर ‘माहिती चुकीची, अर्ज नाकारला’. तोवर मुदत संपलेली असते. माहिती चुकीची होती, तर फॉर्मने त्याच दिवशी का अडवलं नाही?

याचं कारण असं, की एकाच अर्जाची तपासणी दोन ठिकाणी होते. पहिली समोरच्या स्क्रीनवर. रकाना रिकामा राहिला किंवा मोबाइल नंबरात ९ आकडे पडले, की लगेच लाल अक्षरं दिसतात. दुसरी तपासणी सर्व्हरवर, म्हणजे जिथे अर्ज जमा होतो त्या यंत्रणेत. ही दोन्ही कामं बऱ्याचदा वेगवेगळे लोक करतात. एकीकडचा नियम बदलतो, दुसरीकडे जुनाच राहतो. आडतीवर एक काटा आणि गेटवर दुसरा, अशी गत होते. मधल्या मध्ये मार खातो तो माल आणणारा.

सातबाऱ्यावरचे दोन ठिपके

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. ०.८०.०० म्हणजे ८० आर, साधारण दोन एकर. स्क्रीनवरचा रकाना हे जसंच्या तसं घेतो. सर्व्हरला मात्र एकच दशांश चिन्ह कळतं, ०.८० असं. दोन ठिपके आले की तो नोंद फेटाळतो. कुणी नुसतं ८० टाकलं, तर त्याचे ८० हेक्टर होतात. दोन एकरवाला कागदोपत्री जवळपास दोनशे एकरांचा धनी होतो आणि अल्पभूधारकाच्या २ हेक्टरच्या मर्यादेबाहेर जातो.

बँकेचा कोड

आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. फॉर्म फक्त ११ ही संख्या मोजत असेल, तर शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला तरी तो पुढे जाऊ देतो. दुसरी अडचण जुन्या पासबुकांची. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि तिचे जुने कोड २०२१ मध्ये बंद झाले. जुन्या कोडची ठेवण बरोबर, म्हणून फॉर्म खूश. पण तो कोड आता चालतच नाही, म्हणून पैसे अडकतात.

खाते क्रमांकाचंही तसंच. काही खात्यांची सुरुवात शून्याने होते. स्क्रीन ते शून्य दाखवते, पण मागची यंत्रणा क्रमांकाला साधी संख्या समजली, की पुढचं शून्य गळतं आणि खातं जुळत नाही.

उलटंही घडतं

कधी सर्व्हरची हरकत नसते, फॉर्मच अडून बसतो. एखाद्या आजीच्या आधारवर आडनावच नाही, पण फॉर्मला आडनाव हवंच. मग केंद्रचालक टिंब टाकतो किंवा तेच नाव दोनदा लिहितो. अर्ज पुढे जातो, पण आधारवरच्या नावाशी जुळत नाही.

मग दुरुस्ती कुठे?

स्क्रीनवरची तपासणी हवीच, कारण चूक तिथल्या तिथे कळते. पण माहितगार माणूस ती चुकवून थेट सर्व्हरला माहिती पाठवू शकतो. म्हणून शेवटची तपासणी सर्व्हरवरच व्हायला हवी आणि दोन्हीकडचे नियम एकाच ठिकाणी लिहिलेले असावेत. सर्व्हरची तपासणी होईपर्यंत ‘यशस्वी’ हा शब्द दिसू नये. अर्ज नाकारलाच, तर कोणता रकाना चुकला आणि तिथे काय हवं, हे मराठीत सांगावं. नुसतं ‘माहिती चुकीची’ म्हणून काही उपयोग नाही.

तोवर अर्जदाराने काय करावं?

पावती हातात घेण्याआधी नाव, खाते क्रमांक, कोड आणि क्षेत्र एकेक करून वाचून घ्यावं. क्षेत्र हेक्टरमध्ये मागितलंय की आरमध्ये, हे विचारावं. बँक विलीन झाली असेल तर नवं पासबुक न्यावं. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये आणि आठवडाभरात स्टेटस पुन्हा बघावं. नाकारल्याचा संदेश आला, तर पावतीसोबत त्याचीही छापील प्रत ठेवावी. अर्ज वेळेत भरला होता, हे दाखवायला तोच कागद कामी येतो.