परसातला दयाळ

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता पक्ष्यांचे फोटो काढता. हे कसं काय?" प्रश्न रास्त आहे. आज त्याविषयीच बोलू.

आधी नावाचा घोळ. युरोपातला रॉबिन तांबड्या छातीचा, चिमणीएवढा. अमेरिकेत गेलेल्या युरोपीय वसाहतकऱ्यांना तिथे तांबूस छातीचा एक कस्तूर दिसला. घरच्या आठवणीने त्यांनी त्यालाही रॉबिन करून टाकलं. आपल्याकडे हे नाव चिरक आणि दयाळ या दोघांना मिळालं. आमच्या परसात आहे तो दयाळ. नर काळा-पांढरा, काळ्यावर निळसर चकाकी. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी. शेपटी दोघांचीही उभी. साधारण मार्च ते जुलै त्यांचा विणीचा काळ. तेव्हा उजाडायच्या आधीच नर तारेवर बसून गायला लागतो.

गातो म्हणजे आनंदात आहे, असं आपण धरून चालतो. पण ते गाणं बरंचसं हद्दीचं असतं: 'ही जागा माझी, पुढे येऊ नकोस.' डेव्हिड लॅक या इंग्रज शिक्षकाने युरोपीय रॉबिनवर प्रयोग केले आणि १९४३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. रॉबिनच्या हद्दीत नुसता तांबड्या पिसांचा झुबका ठेवला, तरी नर त्याला धमकावत असे. उलट, तांबडी छाती नसलेला पेंढा भरलेला अख्खा पक्षी ठेवला, तर बहुधा दुर्लक्ष करी. म्हणजे शत्रू म्हणून त्याला पक्षी दिसत नव्हता, रंग दिसत होता. 'पाहणे' म्हणजे काय, हे आम्ही वर्गात तीस वर्षं फळ्यावर समजावलं. इतकं चांगलं उदाहरण एकदाही दिलं नाही.

आमचा दयाळ स्कूटरच्या आरशाशी तीन सकाळी भांडत होता. आम्ही आधी फोटो काढले, मग आरशावर पिशवी घातली. हा क्रम लक्षात ठेवा.

फोटोचं म्हणाल तर दयाळ अवघड आहे. काळा रंग पाहून कॅमेरा फसतो, चित्र जास्त उजळ करतो, आणि पंखावरचा पांढरा पट्टा नुसता चुन्यासारखा दिसतो. तेव्हा उजेड थोडा कमी करून घ्यायचा, पांढरं सांभाळायचं. सकाळचं कोवळं ऊन, सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ, आणि फोकस डोळ्यावर. काळ्या डोक्यात काळा डोळा. त्यात उजेडाचा ठिपका आला नाही तर पक्षी मेलेला वाटतो. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढतो. भांड्यांच्या आवाजाची त्याला सवय आहे, अंगणात स्टूल टाकून बसलेल्या म्हाताऱ्याची नाही.

एका वर्षी कुंपणाच्या भिंतीत, वीट निखळलेल्या भोकात, जोडीने घरटं केलं. पिल्लं झाली. नर-मादी दोघंही अळ्या आणत होती. भोकावर जास्वंदीची एक फांदी लोंबत होती. प्रत्येक फोटोत मध्ये तिची पानं यायची. आम्ही ती सुतळीने बाजूला बांधली. कापली नाही, याचं तेव्हा समाधानही वाटलं. दुसऱ्या सकाळी हवा तसा फोटो मिळाला: चोचीत अळी, पंख अर्धे मिटलेले, मागे काळोखं भोक.

त्याच्या पुढच्या सकाळी भोक रिकामं होतं, खाली थोडी पिसं. भिंतीवर शेजारचं मांजर बसलं होतं.

सुतळी आणि मांजर यांतला कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असं आम्ही तर्कशास्त्राच्या तासाला नक्की म्हटलं असतं. घरी सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "फांदी सोडलीत का?" सोडली नव्हती.

लॅकच्या रॉबिनला तांबडा झुबका दिसला, आम्हाला चौकट दिसली. पानं ही त्या घरट्याची भिंत होती. आमच्या हिशेबात ती अडचण होती. तो आठवडा आम्ही रोज दोन-दोन तास तिथे डोळे लावून बसलो होतो, हे विशेष.

हल्ली घरटं सापडलं की कॅमेरा आत ठेवतो. मोबाईलवर दयाळाचा आवाज लावून त्याला जवळ बोलावायची टूम निघाली आहे, तीही करत नाही. बिचारा नसलेल्या शत्रूशी झुंजत बसतो, आणि पिल्लांचा चारा राहतो. तारेवरचा, अळूच्या वाफ्यातला, नळाखालचा दयाळ आम्ही खुशाल टिपतो. ते फोटो आज तुम्हाला दाखवले.

भोकाच्या तोंडाशी काढलेला तो फोटो दाखवा, असं संयोजकांनी सुचवलं होतं. तो आणलेला नाही.