तमाखूचा काळनिर्णय व खेड्यांतील चाल

जुन्या कागदांत तमाखु, तंबाकू, तंबाखू अशीं एकाच शब्दाचीं निरनिराळीं रूपें आढळतात. पैकीं ‘तमाखु’ हें रूप संस्कृत वळणाचें असल्यामुळें ही वस्तु आपल्याकडे प्राचीन असावी, असा समज सहज होतो. तो निराधार आहे.

हें झाड मूळचें अमेरिका खंडांतलें. कोलंबस १४९२ मध्यें तिकडे पोंचला. पोर्तुगिजांनीं पुढें सोळाव्या शतकांत तें हिंदुस्थानांत आणिलें. शब्दहि त्यांच्याच ‘तबाको’वरून आला, पंडितांनीं त्यास संस्कृत वेष मात्र दिला. असद बेग यानें विजापुराहून नेलेली तंबाखू सुमारें १६०४-०५ मध्यें अकबरापुढें ठेविली, तेव्हां तेथील दरबारास ती नवलाची वाटली. १६१७ मध्यें जहांगिरानें धूम्रपानास मनाई केली. अवघ्या बारा-तेरा वर्षांत व्यसन मनाई करण्याइतकें फैलावलें होतें.

चरकाच्या सूत्रस्थानांत धूमपान सांगितलें आहे, असा आक्षेप येईल. परंतु तेथील धूमवर्ति हरेणुका, प्रियंगु इत्यादि द्रव्यांची आहे; तींत तंबाखू नाहीं. सबब शके १४१४ पूर्वींची म्हणून पुढें आलेल्या पोथींत तमाखूचें नांव दिसल्यास तो भाग प्रक्षिप्त, अथवा पोथीच मागाहूनची समजावी.

हीच कसोटी खेड्यांतील चालीसहि लावितां येते. चंचींत पान, सुपारी व चुना यांच्या शेजारीं तंबाखू असते, आणि ती चंची पाहुण्यापुढें करणें हा आदर मानितात. शेतांत भूक व शीण मारण्यास चिमूट, दांतांस मशेरी; घरांतील वडील माणसांचें पाहून मुलेंहि तेंच उचलतात. ‘वाडवडिलांची चाल’ म्हणून तिचें समर्थन होतें. वास्तविक विडा प्राचीन. तंबाखू त्याच्या संगतीस मागाहून आली आणि त्याचें वय व मान उसना घेऊन बसली.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत तंबाखू घेणारे प्रौढ खेड्यांत ३२.५ टक्के, तर शहरांत २१.२ टक्के आढळले. महाराष्ट्रांत एकंदर प्रमाण २६.६ टक्के असून ओढणारे केवळ ३.८ टक्के होते. म्हणजे बहुतेकांची तंबाखू तोंडांत राहते. तिजमुळें मुखाचा कर्करोग होतो, हें आतां निर्विवाद आहे. अशा वस्तूस परंपरेचें संरक्षण देण्यापूर्वीं तिची वंशावळ पुरतीं पांच शतकेंहि मागें जात नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

ज्यांच्या संग्रहीं सतराव्या शतकांतील तमाखूविषयक कागद असतील, त्यांनीं ते मितीसह प्रसिद्ध करावे, ही विनंती.