भुशीच्या पावसांत घरची भाजी

इंद्रायणीवरील भुशीच्या धरणाच्या परिसरांत वर्षास साधारणपणें ४,००० मिलिमीटरांच्यावर पाऊस पडतो. एवढ्या पाण्यांत सपाट वाफ्यांतील रोपांचीं मुळें कुजतात व खताचा कस धुपून जातो. यास्तव भाजीच्या तुकड्यांत प्रथम उताराकडे चर खणून मग उंच गादीवाफे करावे, असें आम्ही सुचवितों. मृगापूर्वीं दोडका, पडवळ व काकडी यांचें बीं उंचवट्यावर टोकून वेल मांडवावर चढवावे. शेणखताचा मोठा भाग दसऱ्यानंतर घालून मेथी, मुळा, वांगीं लावावीं. उन्हाळ्यांत गवार व भेंडी यांच्या बुडाशीं पालापाचोळा पसरावा, म्हणजे पाणी थोडें पुरतें. परंतु आषाढांत माती वाहून गेल्यास चैत्रांत नुसत्या पाण्यानें भाजी पिकत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.