बंदुकीच्या पेटीचे कुलूप

लातूर-नांदेडकडचे कितीतरी जवान फौजेतून निवृत्त होऊन घरी येतात. त्यांतला एखादा मग दूर शहरात बँकेच्या दारावर राखणदार होतो. जवळ परवान्याची बंदूक असते. कामावर जाताना तीही न्यावी लागते. कधी विमानाने जायचा योग येतो. मग बंदूक न्यायची कशी?

विमानात बंदूक माणसाजवळ ठेवू देत नाहीत. ती विमानाच्या पोटात, सामानाबरोबर जाते. आधी विमान कंपनीला कळवा. परवाना जवळ ठेवा. बंदूक रिकामी करा. काडतुसे निराळी बांधा. ती किती न्यायची, ते कंपनीला विचारून घ्या. बंदूक टणक पेटीत ठेवा आणि कुलूप लावा.

पण कुलूप कसले? बाजारात प्रवासी बॅगांची लहान कुलपे मिळतात. काहींवर तांबडी खूण असते. ती सगळी कुलपे उघडणारी किल्ली अमेरिकेच्या तपासनिसांजवळ असते. 2015 साली त्या किल्लीच्या नकलाही निघाल्या! कपड्यांच्या बॅगेला असले कुलूप चालेल, बंदुकीला नाही. बंदुकीच्या पेटीची किल्ली मालकाजवळच राहावी, असा अमेरिकेतही नियम आहे.

चांगल्या कुलपाच्या पोटात धातूच्या पट्ट्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. किल्ली फिरली, की प्रत्येक पट्टी नेमकी ठरल्या उंचीवर उचलली जावी लागते. एक जरी चुकली, तरी कुलूप उघडत नाही. म्हणून पट्ट्या जास्त, तितके कुलूप भरवशाचे. कडी जाड पोलादाची घ्या. ती पेटीच्या भोकात घट्ट बसू द्या. कडी सैल राहिली, की तीत पहार शिरते.

कुलूप लावल्यावर पेटीचा कोपरा ओढून पाहा बरं. फटीतून बोटे आत जातात का? जात असतील तर कुलूप कितीही भारी असो, उपयोग नाही. दोन्ही टोकांना एकेक कुलूप लावा. किल्ली आपल्या खिशात ठेवा, पेटीला बांधू नका. तपासणी होईपर्यंत तिथून हलू नका.

परवान्याची अट मोडणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याहून मोठी गोष्ट निराळीच. आपली बंदूक भलत्याच्या हाती पडली, तर कुणाचे तरी घर उजाड होईल. कुलपात दोन पैसे वाचवताना एवढे ध्यानात ठेवा.