तापमानाची रेषा कोठे वळली?

“यंदाचा उन्हाळा फारच कडक आहे बुवा!” हे वाक्य हैदराबादेत दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत ऐकू येते. आपल्या आजोबांच्या काळीही ते ऐकू येतच असणार. उन्हाच्या बाबतीत माणसाची आठवण तोकडी असते. मागच्या वर्षीचा चटका आपण विसरतो आणि आजचाच मोठा वाटतो. म्हणून अशा वेळी तक्रारीपेक्षा तापमापकाच्या नोंदवहीवर भिस्त ठेवणे बरे. परंतु नोंदवही आपण होऊन बोलत नाही; तिला प्रश्न विचारावा लागतो. तो कसा विचारावा हे संख्याशास्त्र शिकविते. त्या विषयाचा एक अध्यापक या नात्याने मी येथे ‘खंडशः समाश्रयण’ या पद्धतीची ओळख करून देणार आहे. गणिताची धास्ती असलेल्या कलाशाखेच्या वाचकांनीही पान उलटू नये, ही विनंती. बेरीज-वजाबाकीपलीकडचे येथे फारसे काही नाही.

समाश्रयण म्हणजे ज्याला आपण वर्गात सरळ ‘रिग्रेशन’ म्हणतो ते. आलेखावर बिंदू मांडावयाचे आणि त्यांच्यामधून अशी एक सरळ रेषा ओढावयाची की, प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर मोजून त्यांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी. त्या रेषेचा चढ म्हणजे वाढीचा वेग. पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एक गृहीत लपलेले आहे : वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होता. तो एकच नसेल तर काय होते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका इराणी हॉटेलात चहाचा भाव सात वर्षांत अनुक्रमे १०, १०, १०, १०, १२, १४ आणि १६ रुपये होता. या सात बिंदूंतून एकच रेषा काढली, तर चढ येतो वर्षाला बरोबर १ रुपया. आता गंमत पाहा. या सात वर्षांत भाव एका रुपयाने कधीच वाढलेला नाही! आधी तो मुळीच वाढला नाही आणि नंतर दरवर्षी दोन रुपयांनी वाढला. त्याच रेषेवरून आठव्या वर्षाचा भाव काढावा, तर उत्तर येते सुमारे १५ रुपये ७१ पैसे, म्हणजे सातव्या वर्षी आपण मोजलेल्या १६ रुपयांहूनही कमी. हिशोब बिनचूक असूनही निष्कर्ष फसवा निघतो तो असा.

ही लबाडी ओळखण्याची खूणही आहे. प्रत्येक बिंदूतून रेषेची किंमत वजा करून पाहा. पहिल्या दोन वर्षांची बाकी अधिक येते, मधल्या तीन वर्षांची उणे आणि शेवटच्या दोन वर्षांची पुन्हा अधिक. बाकी अशी गटागटाने येऊ लागली की समजावे, रेषा कोठेतरी वळली आहे.

अशा वेळी दोन रेषा घ्याव्यात. मात्र त्या एका बिंदूत जोडलेल्या असाव्यात. वर्षाला ‘व’, वळणाच्या वर्षाला ‘म’ आणि तापमानाला ‘त’ म्हणू. मग त = अ + ब × व + क × (व − म). यातील शेवटचे पद ‘व’ हे ‘म’पेक्षा मोठे असेल तेव्हाच धरावयाचे, एरवी शून्य. वळणापूर्वीचा चढ ‘ब’, नंतरचा ‘ब + क’. ‘म’ ठाऊक नसेल तर एकेक वर्ष वळण मानून पाहावे आणि ज्या वर्षी चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल ते निवडावे. हे काम हाताने फार कंटाळवाणे होते. इटलीतील संख्याशास्त्रज्ञ व्हीतो मुज्जेओ यांनी २००३ साली त्यासाठी सुटसुटीत रीत मांडली, आणि ‘आर’ या मोफत संगणकप्रणालीत ती कोणालाही वापरता येते.

आता चहावरून उन्हाकडे येऊ. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील हिंगणे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखविले की, भारताचे सरासरी तापमान १९०१ पासून १९८२ पर्यंत शंभर वर्षांना सुमारे ०.४ अंश सेल्सिअस या वेगाने वाढले. पुढे २००५ साली त्याच संस्थेतील कोठावळे आणि रूपाकुमार यांनी १९०१ ते २००३ या काळाचा हिशोब केला. पूर्ण काळाचा वेग आला दशकाला ०.०५ अंश, पण १९७१ ते २००३ एवढाच काळ घेतला, तर तो निघाला दशकाला ०.२२ अंश. म्हणजे चौपटीहून अधिक! पूर्ण काळात वाढ मुख्यत्वे दिवसाच्या कमाल तापमानात होती. अलीकडच्या भागात रात्रीचे किमान तापमानही वाढू लागलेले दिसले.

येथे चिकित्सक विद्यार्थी विचारील, “सर, १९७१च का?” प्रश्न रास्त आहे. ती विभागणी अलीकडचा काळ वेगळा पाहण्यासाठी होती. वळणाचे वर्ष आकड्यांनाच विचारावे असा आग्रह धरला, तर खंडशः समाश्रयणाकडे वळावे लागते. जगाच्या सरासरी तापमानावर असे काम झाले आहे. २०१५ साली केहिल, राह्मस्टोर्फ आणि पार्नेल यांनी केलेल्या विश्लेषणात सुमारे १९१२, १९४० आणि १९७० अशी तीन वळणे निघाली.

त्याच विश्लेषणाने आणखी एका वादाचा निकाल लावला. १९९८ नंतर तापमानवाढ थांबली, असे त्या काळी मोठ्याने सांगितले जाई. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या २०१३ च्या अहवालातही १९९८ ते २०१२ चा वेग दशकाला ०.०५ अंश होता, तर १९५१ ते २०१२ चा ०.१२. पण १९९८ हे तीव्र ‘एल निनो’चे, असाधारण उष्ण वर्ष. तेथूनच तुकडा कापला, तर रेषा उंचावरून सुरू होते आणि सपाट दिसते. दोन रेषा जोडलेल्याच असल्या पाहिजेत ही अट घातली की ही पळवाट बंद होते. त्या वर्षांत वळण असल्याचा पुरावा मिळाला नाही.

उलट दिशेनेही हाच संयम हवा. २०२४ हे भारतातील १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. १९९१ ते २०२० च्या सरासरीहून ते ०.६५ अंशाने अधिक होते. तेव्हा वेग आता आणखी वाढला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु जगाच्या तापमानावरील २०२४ च्याच एका अभ्यासाने सांगितले की, १९७० च्या दशकानंतरचे नवे वळण आकड्यांतून अजून सिद्ध होत नाही. वाढ चालूच आहे. वेगात नवा बदल झाला, एवढेच सिद्ध व्हावयाचे आहे. या दोन विधानांतील फरक विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा.

ही पद्धत वापरताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, वळण शोधून काढलेले असल्याने नेहमीचे कोष्टक लावून चालत नाही. शंभर जागी शोधले की योगायोगाने कोठेतरी वळण सापडतेच. म्हणून कसोटी अधिक कडक हवी. दुसरे, एका वर्षाचे तापमान पुढच्या वर्षावर रेंगाळते. बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर खात्री उगाच जास्त वाटते. तिसरे, तापमापकाची जागा बदलली तर नोंदीत वळण येत नाही, उडी येते. आणि जोडलेल्या रेषा त्या उडीलाच वळण समजतात. बेगमपेठच्या नोंदी घेणाऱ्याने केंद्राचा इतिहास आणि भोवती वाढलेले शहर, दोन्ही आधी तपासावीत.

एवढी उठाठेव कशासाठी? दशकाला ०.०५ अंश धरले, तर तीस वर्षांची वाढ ०.१५ अंश, ०.२२ धरले, तर ०.६६ अंश. २०१५ च्या उष्णतेच्या लाटेत तेलंगण आणि आंध्र प्रदेशात कित्येक माणसे दगावली; त्यांत उन्हात राबणारे मजूर होते, म्हातारी माणसे होती. कामाच्या वेळा केव्हा बदलाव्यात, पाण्याची सोय कोठे करावी, रुग्णालयात किती खाटा राखाव्यात, हे ठरविणारा अधिकारी कोणती तरी एक रेषा मनात धरूनच ठरवीत असतो. ती शंभर वर्षांची सरसकट रेषा असेल, तर आठव्या वर्षीच्या चहासारखाच त्याचा अंदाज आजच्याहूनही मागे राहील.

हवामान खात्याच्या पुणे येथील राष्ट्रीय विदा केंद्रातून जुन्या नोंदी मिळू शकतात. आपल्या महाविद्यालयातील संख्याशास्त्र आणि भूगोल या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हैदराबादची मालिका घ्यावी, वरील पथ्ये पाळावीत आणि रेषा कोठे वळली ते स्वतः पाहावे. उत्तर काहीही येवो, ते आपल्या हाताने काढलेले असेल.